हापूसवरच्या युरोपीय बंदीचा परिणाम पॅनेल डेटाने कसा मोजायचा

हापूसच्या निर्यातीवरच्या प्रबंधांत पद्धतीचं प्रकरण बरेचदा एकाच साच्यातलं असतं. वीस वर्षांचे आकडे घ्यायचे, दहा-बारा देश निवडायचे (त्याच देशांचे अनेक वर्षांचे आकडे म्हणजे पॅनेल), पूल्ड, फिक्स्ड इफेक्ट आणि रँडम इफेक्ट अशी तीन रिग्रेशन चालवायची आणि हाउसमन चाचणी करून त्यातलं एक निवडायचं. तक्ते देखणे होतात, पण त्यातून कळलं काय, हे सांगता येत नाही. अडचण वेगळ्याच जागी आहे. फिक्स्ड इफेक्टनी, म्हणजे प्रत्येक देशाचा किंवा वर्षाचा स्वतःचा ठरलेला फरक वेगळा काढणाऱ्या पदांनी, आपला वाटा उचलल्यावर आकड्यांमध्ये जो चढउतार उरतो, त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे का, हे संगणक उघडण्याआधीच ठरवावं लागतं.

इथे एकच प्रश्न शेवटपर्यंत नेऊ. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. कारण फळमाशी आणि इतर किडी: २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये त्या सापडल्या होत्या. बंदी डिसेंबर २०१५ अखेरपर्यंत राहायची होती, पण जानेवारी २०१५ मध्येच आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं, म्हणजे पुढच्या हंगामाच्या आधीच.

प्रश्न नीट घाला

"बंदीच्या काळात निर्यात किती घटली?" हा प्रश्न पॅनेलला विचारू नका. ताज्या आंब्याची निर्यात बंदीच्या आदेशानेच शून्य झाली, त्यासाठी रिग्रेशन कशाला? तरीही कुणी मॉडेल चालवलंच तर बंदीची डमी (बंदी असेल तिथे १, नसेल तिथे ०) आणि शून्य निर्यात तंतोतंत जुळतात, सहगुणक (परिणाम किती ते सांगणारा आकडा) उणे अनंताकडे धावतो, आणि सॉफ्टवेअर एक तर त्या ओळी गुपचूप गाळतं किंवा उणे वीस-पंचवीस असा हास्यास्पद आकडा देतं. याला सेपरेशन म्हणतात. आउटपुटच्या वर "अमुक निरीक्षणं वगळली" अशी ओळ येते, ती वाचायची सवय ठेवा.

विचारण्याजोगा प्रश्न असा: दार पुन्हा उघडल्यावर गिऱ्हाईक परत आलं का, आणि किती हंगामांनी? बंदीनंतर युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठी मान्यताप्राप्त पॅकहाउस आणि गरम पाण्याची प्रक्रिया यांतून जाणं आलं. खर्च वाढला. मधल्या हंगामात तिथल्या दुकानदाराने दुसऱ्या देशाचा आंबा ठेवायला सुरुवात केली असेल. असा रेंगाळणारा परिणाम पॅनेलमध्ये पकडता येतो.

आकडे कुठून घ्यायचे

तुलनेसाठी भारताच्याच आठ अंकी कोडचे (सीमाशुल्काच्या वर्गीकरणातल्या मालाच्या क्रमांकांचे) आकडे घ्या. कोलकात्याची डीजीसीआयएस ही सरकारी संस्था ते गोळा करते आणि वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत ते देशवार, मालवार मिळतात. सहा अंकी जागतिक आकडे या प्रश्नाला पुरत नाहीत. ०८०४५० या एकाच खान्यात पेरू, आंबा आणि मँगोस्टीन एकत्र आहेत, आणि भारताच्या वर्गीकरणात आंब्याचा पल्पही त्याच सहा अंकांखाली येतो. पल्पवर बंदी नव्हती. त्यामुळे सहा अंकी आकड्यांत २०१४ ची घट लहान दिसते आणि "बंदीचा फारसा परिणाम झाला नाही" असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष पल्पच्या डब्यांचा असतो, पेटीतल्या आंब्याचा नव्हे.

आठ अंकांत ताजा आंबा ०८०४५०२० आणि पल्प ०८०४५०४०. अलीकडे ताज्या आंब्याचे जातवार कोड झाले आणि हापूसला स्वतंत्र कोड मिळाला, पण बंदीच्या काळात तो नव्हता. जुन्या वर्षांशी जुळवायचं तर नव्या जातवार कोडांची बेरीज करून एकच "ताजा आंबा" मालिका करा. फक्त हापूसची लांब मालिका या स्रोतातून निघत नाही.

जिल्हावार पॅनेलचा मोहही आवरा. देवगडचा आंबा विमानाने जातो तो मुंबईहून, समुद्रमार्गे जातो तो बहुधा न्हावाशेव्याहून. बंदरवार किंवा विमानतळवार आकडे माल कुठून निघाला ते सांगतात, कुठल्या बागेतला ते नाही.

सर्वांत जास्त घोळ वर्षाचा होतो. हापूसचा हंगाम मार्च ते मेअखेर, आणि आर्थिक वर्ष फिरतं १ एप्रिलला. त्यामुळे एकाच हंगामाच्या मार्चमधल्या पेट्या एका वर्षात आणि एप्रिल-मेमधल्या पुढच्या वर्षात पडतात. हंगाम लवकर आला की आदल्या वर्षाची निर्यात फुगते, लांबला की पुढच्या. कॅलेंडर वर्ष घेतलं तर हंगाम एकसंध राहतो, पण द्राक्षं आणि डाळिंब हिवाळ्यात सुरू होतात, त्यांचा हंगाम तुटतो. उपाय सोपा आहे: मासिक आकडे उतरवा आणि ऑक्टोबर ते सप्टेंबर असं स्वतःचं हंगामवर्ष बांधा. २०१४ चा हंगाम मात्र अर्धवटच राहणार, कारण मार्च-एप्रिलचा माल बंदीआधी गेलेला आहे. त्या वर्षाला वेगळी डमी द्या आणि तिचा अर्थ लावत बसू नका.

मूल्य लाख रुपयांत उतरवा, दशलक्ष डॉलरमध्ये नको. तक्त्यात दोनच दशांश स्थळं असतील तर ५,००० डॉलरपेक्षा लहान खेप ०.०० दिसते. लाख रुपयांत ०.०१ म्हणजे १,००० रुपये, तिथे लहान देशही दिसतात. चलन बदलायची किंवा महागाई काढून टाकायची गरज नाही. दर वर्षी सगळ्यांना सारखा लागणारा गुणक पुढे फिक्स्ड इफेक्टमध्ये जातो. वर्षांचं वजन बदलल्याने सहगुणक किंचित हलेल, इतकंच.

चौकट भरा

समजा १५ फळं-पदार्थ, ८० देश आणि २००८ ते २०१९ हे १२ हंगाम घेतले. पूर्ण चौकट १४,४०० ओळींची व्हायला हवी. डेटा बँकेतून उतरवलेल्या फाइलीत त्यापेक्षा पुष्कळ कमी ओळी असतील, कारण जिथे निर्यातच नाही तिथे ओळ नसते. देश, माल आणि हंगाम यांची सगळी संयोगं आधी तयार करा, मग आकडे जोडा, आणि रिकाम्या जागी शून्य भरा. हे शून्य खरं शून्य आहे, गहाळ आकडा नाही. मात्र एखाद्या कोडची त्या वर्षाची माहितीच प्रसिद्ध झालेली नसेल, किंवा तो कोड तेव्हा अस्तित्वातच नसेल, तर तिथे शून्य भरू नका.

तुलनेचा माल निवडताना घाई नको. वांगी, कारली, पडवळ, अळू बाजूला ठेवा, ती स्वतःच बंदीत होती. द्राक्षांचं काय? २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. म्हणजे तुलनेच्या मालालाही त्याच बाजारात तसाच धक्का बसलेला. द्राक्षं ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे मॉडेल चालवा. केळ्यांचा सहा अंकी कोड २०१२ च्या कोडांच्या फेररचनेत फुटला, तेव्हा दोन्ही भाग जोडून घ्या. पल्प हा दुधारी आहे: फळ तेच, त्यामुळे तुलना जवळची वाटते, पण बंदीत अडकलेला आंबा कॅनिंगकडे वळला असेल तर पल्पच्या आकड्यांत बंदीचाच परिणाम शिरतो. मुख्य मॉडेलमध्ये पल्प नको, पडताळणीत असू द्या.

अवधी २०१९ ला का थांबवायचा? २०२० मध्ये कोविडने विमानसेवा बंद, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ, मे २०२१ मध्ये तौक्ते. शिवाय ब्रिटनने जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संघ सोडला. युरोपीय गटात २०१४ चे २८ देश घ्या, ब्रिटन धरून.

फिक्स्ड इफेक्ट: काय खातात, काय ठेवतात

या पॅनेलला तीन जोड्यांचे इफेक्ट लागतात.

देश × माल: ब्रिटनमधल्या गुजराती-मराठी वस्तीची आंब्याची आवड, अंतर, भाषा, जुने व्यापारी संबंध, जे जे त्या देशाच्या त्या मालासाठी बदलत नाही ते सगळं. अंतराचा सहगुणक गळला म्हणून घाबरू नका. मुंबई-लंडन अंतर १२ वर्षांत बदललेलं नाही, मग त्याने बदलाचं स्पष्टीकरण कसं द्यावं?

देश × हंगाम: त्या देशाचं उत्पन्न, चलनाचा भाव, एकूण मागणी. ग्रॅव्हिटी मॉडेलमध्ये (दोन देशांतला व्यापार त्यांच्या आकारावरून आणि अंतरावरून मांडणारं मॉडेल) ज्याला बहुपक्षीय अडसर म्हणतात, म्हणजे एखाद्या देशाला भारताव्यतिरिक्त इतरांकडून माल घेणं किती सोपं-अवघड आहे, त्याचा सर्व मालांना सारखा लागू होणारा भागही इथेच जातो. अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी २००३ मध्ये हा मुद्दा पक्का केल्यापासून तो न घेता केलेली ग्रॅव्हिटी मान्य होत नाही.

माल × हंगाम: मोहोर गळला, थ्रिप्स कीड पडली, उष्म्याने फळ भाजलं, भाव चढला. सगळ्या देशांना सारखा लागणारा पुरवठ्याचा धक्का इथे जातो.

उरतं ते एवढंच: त्या हंगामात, त्या देशात, इतर फळांच्या तुलनेत ताज्या आंब्याचं काय वेगळं झालं. बंदी अगदी याच खाचेत बसते, म्हणून ती मोजता येते.

याच कसोटीवर भौगोलिक मानांकनाचा विषय घासून पाहा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं आणि "त्याचा निर्यातीवर परिणाम" हा विषय अनेकांना खुणावतो. पण मानांकन सगळ्या देशांसाठी एकाच वेळी आलं. माल × हंगाम इफेक्ट त्याला अख्खं गिळतो. तो इफेक्ट काढून टाकला तर सहगुणक मिळेल, पण त्यात त्या वर्षाचा पाऊस, भाव आणि मानांकन यांची सरमिसळ असेल. काजूच्या कच्च्या बियांवरच्या आयातशुल्काचंही तसंच. सगळ्या देशांना एकसारखी लागणारी गोष्ट या बांधणीत मोजता येत नाही.

मॉडेल चालवणं

लॉग घेऊन साधं रिग्रेशन करू नका. शून्याचा लॉग नसतो, म्हणून निम्मी चौकट गळते. मूल्यात एक मिळवून लॉग घेण्याची पळवाट त्याहून वाईट. शून्यावरून पाच लाखांवर गेलेली निर्यात लाखांत मोजली तर लॉगमधला फरक १.७९ येतो, तीच रुपयांत मोजली तर १३.१२. एककावर उत्तर अवलंबून असेल तर ते उत्तर नव्हे. सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांच्या २००६ च्या शोधनिबंधानंतर या क्षेत्रात पॉयसन स्यूडो-मॅक्सिमम लाइकलिहूड (पीपीएमएल) ही पद्धत रूढ झाली. तिला मूल्य तसंच द्यायचं, शून्यांसकट. निर्यात ही मोजसंख्या नसली तरी चालते, सरासरीचं समीकरण बरोबर असलं की पुरे.

आर भाषेत फिक्सेस्ट पॅकेजमधलं एफईपॉइस, स्टाटात पीपीएमएलएचडीएफई. ओळीची रचना अशी:

मूल्य ~ (ताजा आंबा × युरोप × प्रत्येक हंगाम, पाया २०१२) | देश^माल + देश^हंगाम + माल^हंगाम

पाया, म्हणजे बाकीचे हंगाम ज्याच्याशी ताडून पाहायचे तो हंगाम, २०१३ ऐवजी २०१२ का? २०१३ मध्ये खेपा पकडल्या जात होत्या, निर्यातदार तेव्हाच सावध झाले असण्याची शक्यता आहे. पाया बिघडला की पुढचे सगळे सहगुणक लहान दिसतात.

आता २००८ ते २०११ चे सहगुणक पाहा. ते शून्याच्या आसपास, कुठल्याही दिशेने न कललेले हवेत. बंदीआधीच उतार दिसत असेल तर युरोपातला आंबा आधीपासूनच वेगळ्या वाटेने चालला होता, आणि नंतरची घट बंदीच्या नावावर टाकता येत नाही. इथे "महत्त्वाचा नाही" असा पी-मूल्याचा शिक्का पुरत नाही. आलेख काढा आणि विश्वासांतराची, म्हणजे अंदाजाच्या वरच्या-खालच्या मर्यादांमधल्या पट्ट्याची, रुंदी बघा. रुंद पट्ट्यात काहीही लपतं.

२०१५ चा सहगुणक स्वतंत्रपणे तपासा. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणासह महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. तो माल × हंगाम इफेक्टमध्ये गेला असं वाटेल, पण पूर्ण गेला नाही. युरोपच्या पेट्यांत हापूसचा वाटा इतर बाजारांपेक्षा जास्त असेल, तर कोकणातली नापिकी युरोपला जास्त लागते, आणि ती बंदीच्या रेंगाळलेल्या परिणामासारखीच दिसते. २०१५ च्या एकट्या आकड्यावर काही बांधू नका, निष्कर्ष २०१६ ते २०१९ वरून काढा. तुलनेच्या देशांतून हापूस कमी घेणारे बाजार काढून पुन्हा चालवलं आणि सहगुणक फारसा हलला नाही, तर शंका कमी होते.

तीच सगळी कसरत किलोवरही करा. मूल्य परत आलं पण वजन आलं नाही, तर प्रक्रियेचा खर्च भावात गेला आणि गिऱ्हाईक कमी झालं. या दोन गोष्टी मूल्याच्या एका स्तंभात दिसत नाहीत.

चूक-मर्यादा

स्टँडर्ड एरर (अंदाजाची चूक-मर्यादा) देश × माल या जोडीवर क्लस्टर करा, म्हणजे एका जोडीच्या ओळी एकच गट धरा. कारण एका जोडीचे बारा हंगाम एकमेकांशी बांधलेले असतात. पण तेवढ्यावर थांबू नका. बंदी लागलेला माल एकच, आणि २८ देशांत खरं वजन एकट्या ब्रिटनचं. पीपीएमएल मोठ्या प्रवाहांना जास्त वजन देतं, म्हणजे तुमचा "युरोपीय" सहगुणक बराचसा ब्रिटनचाच असतो. अशा वेळी छापून येणारी स्टँडर्ड एरर फसवी लहान असते.

उपाय: बंदी खोटी लावून बघा. डाळिंबाला २०१४ ची बंदी होती असं समजून तेच मॉडेल, मग चिकूला, मग पेरूला, असं प्रत्येक फळावर चालवा. आंब्याचा सहगुणक या खोट्या सहगुणकांच्या गर्दीत मिसळून जात असेल, तर सापडलं काही नाही. दुसरं, ब्रिटन काढून चालवा. तिसरं, उरलेल्या २७ देशांचा एकच गट करून चालवा. रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे जर्मनी-फ्रान्सला जातो आणि आपल्या कागदावर नेदरलँड्सच राहतो, म्हणून देशवार वाटणी पुरती विश्वासाची नसते. दुबईलाही तोच न्याय.

सहगुणक वाचताना घातांक घ्या (e^सहगुणक, त्यातून १ वजा). उदाहरणादाखल, २०१७ चा सहगुणक उणे ०.३५ आला तर घट ३५ नव्हे, २९.५ टक्के. स्टँडर्ड एरर ०.२० असेल तर ९५ टक्के विश्वासांतर ५२ टक्के घटीपासून ४ टक्के वाढीपर्यंत पसरतं. "परिणाम नाही" असं लिहू नका, "निम्म्यापर्यंतची घट नाकारता येत नाही" असं लिहा. आणि ही घट सापेक्ष आहे: युरोपला न गेलेला आंबा आखातात गेला असेल तर तुलनेचा बाजार फुगतो आणि घट आहे त्याहून मोठी भासते. बागायतदाराचं एकूण नुकसान किती, हे या सहगुणकातून निघत नाही.

प्रतिस्पर्धी देशही हवे असतील तर

जागा कुणी घेतली, पाकिस्तानने, पेरू या देशाने की ब्राझीलने, हे पाहायला जागतिक पॅनेल लागतं. सेपी या फ्रेंच संशोधन संस्थेचा बासी हा जागतिक व्यापाराच्या आकड्यांचा संच त्यासाठी सोयीचा. मूल्य हजार डॉलरमध्ये, वजन टनांत. यातही शून्यं नसतात, ती स्वतः भरायची. आणि देशांचे अंकी कोड जपून जोडा: बासीत भारत ६९९ आहे, तर प्रमाणित यादीत ३५६. अमेरिका ८४२ आणि ८४०, फ्रान्स २५१ आणि २५०. अंकांवर जोडणी केली की नेमका भारतच गळतो, आणि सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. तीन अक्षरी कोडवर जोडा, जोडल्यावर भारताच्या ओळी मोजा. थायलंडकडेही लक्ष असू द्या, तिथून ०८०४५० मध्ये जाणारा बराचसा माल मँगोस्टीन असतो.

हीच चौकट कोकणातल्या इतर मालांना चालते, कोड तेवढे जुळवा. गोठवलेल्या कोळंबीचा ०३०६१३ हा कोड २०१२ मध्ये ०३०६१६ आणि ०३०६१७ असा फुटला. गोठवलेला माकूल (स्क्विड) २०१६ पर्यंत ०३०७४९ मध्ये होता, नंतर ०३०७४३ मध्ये गेला. हे न जोडता आलेख काढला तर २०१७ मध्ये माकुलाची निर्यात कोसळलेली दिसते. काजूगर ०८०१३२ आणि कवचासह बी ०८०१३१, हे दोन्ही या अवधीत सुरुवातीपासून वेगळे आहेत, त्यामुळे पहिल्यांदाच पॅनेल बांधणाऱ्याने काजूपासून सुरुवात केलेली बरी.